एका घरातले दोन जबडे

आमच्या दोघांच्याही वरच्या दाढा एकाच सुमारास गेल्या. ह्यांच्या उजवीकडच्या, माझ्या डावीकडच्या. जेवायला समोरासमोर बसलो की दोघंही एकाच बाजूला तोंड वाकडं करून चावतोय असं दिसायचं. सूनबाईला त्याचं हसू यायचं आणि ती ते लपवायला पाण्याचा तांब्या भरायला उठायची. मला सगळं कळायचं. पस्तीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलंय, वर्गात कोण कशासाठी उठतंय हे पाठीलाही दिसतं.

कवळी लावायची नाही हे मात्र आमचं ठरलेलं होतं. ह्यांना वाटायचं, कवळी म्हातारे लावतात. हे तेव्हा अडुसष्टचे. मला वाटायचं, विज्ञान इतकं पुढं गेलंय तर आपण रात्री दात वाटीत काढून का ठेवायचे? दोघांचीही कारणं सारखीच फुसकी होती, पण माझं कारण जरा शिकलेलं होतं म्हणून मला ते खरं वाटायचं.

आम्ही केडगावला राहतो. तिथून नगरमध्ये एका नव्या दवाखान्यात गेलो. ह्यांच्या वर्कशॉपमधल्या एका दोस्तानं शिफारस केली होती. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. तिथल्या माणसांची एक जमात असते. एकाचं पोट साफ झालं की सगळे तेच चूर्ण घेतात. दवाखाना चकचकीत होता. भिंतीवर टीव्ही, त्यात निळ्या रंगाचा जबडा गोल गोल फिरत होता. डॉक्टर तिशीतला, केस मागं बसवलेले, आणि भेटणारा प्रत्येक माणूस त्याचा काका नाहीतर काकू.

"काका, इम्प्लांट बसवू. पण सायनस लिफ्ट करावी लागेल."

"लिफ्ट?" हे म्हणाले. "कुठं जायचंय वर?"

डॉक्टर हसला आणि टीव्हीकडं बोट दाखवून घडाघडा बोलू लागला. त्याला जे चार वाक्यांत सांगता आलं नाही ते मी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. वरच्या दाढांच्या वर, गालाच्या आत, एक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. तिच्यात हवा असते आणि आतून पातळ पडदा असतो, उकडलेल्या अंड्याच्या कवचाखाली निघतो तितका नाजूक. दाढ गेली की खालचं हाड हळूहळू झिजतं आणि ती पोकळी खाली उतरते. मग दाताचा स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, बसवायला हाडच उरत नाही. त्यासाठी तो पडदा वर उचलून खाली हाडाची भर घालायची. ते दोन तऱ्हांनी करतात. एक खालून. स्क्रूसाठी जे भोक पाडतात त्यातूनच बारीक दांडी लावून हातोडीनं हलकं ठोकत पडदा वर सरकवायचा, स्क्रू त्याच दिवशी. दुसरी बाजूनं. हिरडी सोडवून जबड्याच्या भिंतीला लहानशी खिडकी पाडायची, तिथून पडदा सोडवून भर घालायची, आणि बहुतेक वेळा महिनोन्‌महिने थांबून मग स्क्रू. पहिलं सोपं, पण खाली मुळात बऱ्यापैकी हाड शिल्लक असेल तरच. हाड अगदी थोडं उरलं असेल तर दुसरं.

म्हणजे सगळं काही हाड किती उरलंय यावर. आणि नेमकं तेच हा माणूस सांगत नव्हता.

"माझं हाड किती मिलिमीटर आहे?" मी विचारलं. दोघांचेही स्कॅन झाले होते.

"पुरेसं आहे काकू."

"पुरेसं हे माप नाही."

तो माझ्याकडं न बघता ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "काकू टीचर दिसतात." ह्यांनीही दात, म्हणजे उरलेले, दाखवले. दोघा पुरुषांचं चांगलं जमलं.

दोघांना एकाच दिवशी, हातोडीनंच करून टाकू, असा त्याचा बेत होता. मी स्कॅनचा कागद मागितला. आधी तो कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणाला, मग प्रिंटर बंद आहे म्हणाला. मी बाकावर बसून राहिले. पाऊण तासानं प्रिंटर चालू झाला. ह्यांचं हाड साडेसहा मिलिमीटर होतं. माझं साडेतीन. आणि आमच्या दोघांवर एकच हातोडी.

मी घरी येऊन ह्यांना पट्टीवर दाखवलं. साडेसहा इथं, साडेतीन इथं. हे म्हणाले, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे. ठोकून बसलेली गोष्ट पक्की बसते." ब्रेक ड्रमचा अनुभव ते स्वतःच्या डोक्याला लावत होते. मी म्हटलं, लावा. मी दुसरीकडं जाते.

दुसरीकडं म्हणजे जुन्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर. जिना इतका अरुंद की वरून कुणी येत असेल तर खाली थांबावं लागायचं. इथली डॉक्टरीण चाळिशीची. तिचं बोलणं इतकं कमी होतं की सुरुवातीला मला ती उद्धटच वाटली. तिनं स्कॅन कॉम्प्युटरवर लावला, मापाची रेघ ओढली आणि मला जवळ बोलावून आकडा दाखवला.

"साडेतीन. खालून ठोकून उपयोग नाही, स्क्रू धरणार नाही. बाजूनं करावं लागेल. भर घालून आठ महिने थांबायचं."

"पडदा फाटतो का?"

"फाटतो कधी कधी."

"मग?"

"लहान फाटला तर झाकते. मोठा फाटला तर काम थांबवते, काही महिन्यांनी पुन्हा करते."

मी तिथंच हो म्हटलं. आमच्या घरात माझ्या या निर्णयाची जेवढी टिंगल झाली तेवढी लग्नात माझ्या उंचीचीही झाली नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, जो डॉक्टर स्वतःच सांगतो फाटेल म्हणून, त्याच्याकडं कोण जातं?" इंजिनिअर आहे तो.

ह्यांचं आधी झालं. अर्ध्या तासात बाहेर आले, गालावर बर्फाची पिशवी. घरी येईपर्यंत बधिरपणा उतरला नव्हता, तरी रिक्षावाल्याला सांगत होते, "टक टक टक, झालं!" दोन दिवस घरात येणाऱ्या प्रत्येकाला तेच. भाजीवालीलाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणावर उजव्या कुशीला वळले आणि ओरडले. मी धावत गेले तर दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून बसलेले, डोळे गच्च मिटलेले.

"घर फिरतंय," म्हणाले. "धर मला."

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला 'धर' असं पहिल्यांदा म्हटलं. मी धरलं. घाबरले होते मीही. अर्धांग तर नाही, अशी पाल चुकचुकली. हात-पाय हलवून पाहिले, बोलायला लावलं, पाढा म्हणायला लावला. तेराचा पाढा चुकला, पण तो त्यांना आधीही येत नव्हता.

दवाखान्यात फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर प्रोसिजरमध्ये आहेत. पित्त असेल." दुपारी सरांचा फोन आला. "काका, बीपी चेक करा. दातांचा आणि चक्करचा काही संबंध नसतो." फोन ठेवायची त्याला इतकी घाई होती की 'नसतो' मधला 'तो' मला ऐकूच आला नाही.

मग नातेवाईक आले. नातेवाईकांना कसं कळतं हे एक कोडंच आहे. तिसगावहून धाकटे दीर आणि जाऊ आले. दिरांनी निदान केलं, शुगर. शेजारच्यांनी केलं, मानेचा मणका. मुलानं मोबाईलवर वाचून तीन निदानं केली, त्यातलं एक मेंदूतल्या गाठीचं होतं आणि ते त्यानं ह्यांच्यासमोरच मोठ्यानं वाचलं. जाऊ तेवढी म्हणाली, "आवं, डोक्यावर हातुडी मारल्यावर डोस्कं फिरनारच की. त्याला शिकाया कशाला पायजे?" तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मीसुद्धा नाही. जाऊ चौथी शिकलेली.

चौथ्या दिवशी मी ह्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं नेलं. वयस्कर गृहस्थ. दोन प्रश्न विचारले आणि तिसरा विचारला, "दातांचं काही काम केलंय का? वरचं? ठोकून?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं बघितलं.

डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक खडे असतात. मान मागं टाकून ठोकाठोक झाली की कधी कधी ते जागचे हलतात. मग कूस बदलली की जग फिरतं. त्यांनी ह्यांना टेबलावर झटक्यात आडवं केलं, मान एका बाजूला, थोडं थांबून दुसऱ्या बाजूला, मग कुशीवर, मग उठवून बसवलं. हे दोनदा किंचाळले. तिसऱ्यांदा केलं तेव्हा किंचाळले नाहीत. "आता वळा उजवीकडं," डॉक्टर म्हणाले. हे भीत भीत वळले. घर जागच्या जागी होतं. औषधाची एक गोळीही लिहून दिली नाही त्यांनी.

टाके काढायला गेलो तेव्हा मी सोबत गेलेच. सगळं सांगितलं. त्या तरुण डॉक्टरचा चेहरा जराही बदलला नाही. "हो काकू, होतं असं एखाद्याला. रेअर आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असतंच की."

"मग आधी का नाही सांगितलं? निदान फोन केला तेव्हा?"

तो हसला. अगदी समजूतदारपणे, लहान मुलाला सांगतात तसं म्हणाला, "काकू, सगळं आधी सांगत बसलो तर कुणी करूनच घेणार नाही."

मला दहावीच्या वर्गात कॉपी करताना सापडलेली पुष्कळ मुलं आठवली. त्यांतली निम्मी रडायची, निम्मी खोटं बोलायची. पण कॉपी ही अभ्यासाचीच एक पद्धत आहे, असं कुणी मला समजावून सांगितलं नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा माडीवरच्या डॉक्टरणीनं संमतीचा कागद पुढं केला. तो इंग्रजीत होता, पण तिनं एकेक ओळ मराठीत सांगितली. भर कशाची घालायची यापाशी ती थांबली. "ही भुकटी गाईच्या हाडापासूनची असते, प्रक्रिया केलेली. पूर्ण कृत्रिमही मिळते. कोणती चालेल ते तुम्ही सांगा." मी कृत्रिम म्हटलं. शेजारी बसलेले हे मात्र ताठ झाले. दर रविवारी मटणाच्या रश्श्यावर तुटून पडणारा माणूस, पण गाय म्हटल्यावर तोंड पांढरं पडलं. जिना उतरता उतरताच त्यांनी आपल्या डॉक्टरला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"माझ्या तोंडात कसली भुकटी भरली?"

"इम्पोर्टेड आहे काका. टॉप क्वालिटी."

"पण कशाची?"

"प्युअर व्हेज आहे काका. टेन्शन घेऊ नका."

प्युअर व्हेज हाड! भांड्यांच्या दुकानातला माणूस आमच्याकडं बघत राहिला, इतकी मी हसले. ह्यांना हसू आलं नाही. डबीवरचं लेबल दाखवा म्हणून ते दोनदा त्या दवाखान्यात जाऊन आले. लेबल काही सापडलं नाही. आपल्या तोंडात काय आहे हे त्यांना अजूनही माहीत नाही. पुढं बरेच दिवस त्यांनी देवघरासमोर बसायचं टाळलं. त्याबद्दल मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही. तेवढं हसण्यासारखं नव्हतं.

माझ्या ऑपरेशनला दीड तास लागला. दुखत नव्हतं, पण आतल्या आत काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. डॉक्टरीण म्हणाली, "बाई, पडदा फाटलाय. मोठा आहे. आज भर घालत नाही. बंद करते. चार महिन्यांनी पुन्हा."

माझ्या तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कानात गेलं. एवढी मापं काढली, एवढे प्रश्न विचारले, सगळ्यांना अक्कल शिकवली, आणि फाटला तो माझाच. तिनं कापसानं माझे कान पुसले. "माझ्या हातून फाटला," म्हणाली. "तुमचा पडदा पातळ होता हे खरं. पण फाटला माझ्याच हातून."

तोंड सुजून पपई झालं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. पुणे रोडच्या धुळीत तोंड उघडं ठेवून शिंकणारी म्हातारी बघायला गल्लीतली पोरं गोळा व्हायची. आणि घरात ह्यांचा विजयोत्सव. "माझं बघ, अर्ध्या तासात. अन्‌ तुझी खिडकी? उघडली अन्‌ लावली!" मुलगा म्हणाला, "मी सांगितलं होतं." त्यानं काय सांगितलं होतं? जो खरं बोलतो त्याच्याकडं जाऊ नये, हे!

चार महिन्यांनी मी पुन्हा तिच्याकडंच गेले. घरात कुणालाच ते पटलं नाही. एका नणंदेनं फोन करून विचारलं, "तिनं काही करणी केलीय का तुझ्यावर?" या वेळी पडदा धरला. भर बसली. मग आठ महिने थांबायचं.

त्या आठ महिन्यांत तिसगावची जाऊ एकदा राहायला आली. तिच्याही वरच्या दाढा गेल्या होत्या. मी तिला माडीवर नेलं. स्कॅन, माप, सगळं झालं. डॉक्टरणीनं दोन्ही पद्धती सांगितल्या, आणि तिसरंही सांगितलं, की काहीच न उचलता काढता-घालता येणारे दात बसवता येतील.

"ते किती दिसात व्हतील?" जावेनं विचारलं.

"तीन आठवडे."

"मंग तेच करा. मला न्हाई खिडकी पायजे न्हाई हातुडी. आमाला कापूस येचायचा हाय."

मी तिला बाजूला घेऊन खूप समजावलं. काढता-घालता येणारे दात हलतात, खाली कण अडकतात, हाड आणखी झिजतं. ती ऐकत होती, अगदी शांतपणे. शेवटी म्हणाली, "जाऊबाई, तुमचं समदं खरं हाय. पर तुमी वरीसभर झालं एकाच अंगानं चावताय." दिवाळीला ती आली तेव्हा बाजरीची कडक भाकरी आणि भाजलेले शेंगदाणे कडाकडा खात होती, आणि मी भाकरी दुधात कुस्करत होते. चौथी शिकलेली म्हणून तिचं पहिलं निदान मी ऐकलं नव्हतं, तेही तेव्हा आठवलं. मी तिला ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. शेंगा घ्या."

माझा स्क्रू बसला, त्यावर दाढा बसल्या. खणखणीत आहेत. ह्यांच्याही खणखणीत आहेत, हे कबूल करायला मला कष्ट पडतात, पण आहेत. हातोडीची पद्धत ह्यांच्या साडेसहाच्या हाडाला बरोबरच होती. मला राग हातोडीचा नव्हताच.

आता कुणाला वाटेल की इथं संपलं. पण यंदा उन्हाळ्यात मुलगा कामावरून आला आणि म्हणाला, "बाबा, तुमचा फोटो लागलाय." चौकात, पुरुषभर उंचीचा बोर्ड. त्यावर हे, सगळे दात दाखवत. खाली लिहिलेलं, 'वेदनारहित! त्रासरहित! अर्ध्या तासात!' टाके काढायच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं मोबाईलवर एक फोटो काढला होता. ह्यांना वाटलं होतं, फाइलसाठी.

मी रिक्षा केली. हे येत नव्हते, मी ओढून नेलं. दवाखान्यात सात-आठ पेशंट बसलेले. मी आत गेलेच नाही. काउंटरपाशी उभी राहिले आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हटलं, "बोर्डावरचा माणूस हा. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ह्यांना पलंग धरून बसावं लागलं होतं. तुमच्याकडच्यांनी फोनवर पित्त सांगितलं. तोंडात काय भरलंय ते आजही सांगत नाहीत. हे पण बोर्डावर लिहा, नाहीतर फोटो उतरवा."

डॉक्टर बाहेर आला. "काकू, आत बसून बोलू ना."

"इथंच बोलू."

कोपऱ्यातली जामखेडकडची एक बाई आपली फाइल उघडून उठली आणि त्याला म्हणाली, "सायेब, मला बी आदी नीट सांगा. काय काय हुतं ते." तिच्या मागून आणखी एक माणूस उठला. डॉक्टरला पहिल्यांदाच काका-काकू म्हणायचं सुचलं नाही.

आठवड्याभरात फोटो उतरला. त्या जागी दुसऱ्या एका म्हाताऱ्याचा लागला. माझी झोपेतही तीच चिडचिड, की त्या माणसाला तरी विचारलं असेल का? ह्यांची चिडचिड वेगळी. परवा रिक्षातून जाताना मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "त्याचं हसणं बघ. माझ्यासारखं जमलं नाही त्याला." मी रिक्षावाल्याला म्हटलं, चला.